अंडंही आणि दूधही

कोल्हापूर

प्रिय सुन्या,

पंधरवड्यापूर्वी तुझं पत्र आलं, उत्तराला उशीर झाला. रागावू नकोस, आज सवडीनं लिहितोय.

रविवारी पहाटे पोरीला घेऊन गंगावेशीत दूध कट्ट्यावर गेलो होतो. तालमीतून सुटलो की आपण पेला घेऊन उभे राहायचो, तीच जागा. गवळ्यानं सडांना पाण्याचा हात लावला, कास जरा चोळली, आणि म्हशीनं पान्हा सोडला. पेल्यात चरचर धार, वर बोटभर फेस. पोरगी टक लावून बघत होती. म्हणाली, "बाबा, कोंबडी का नाही दूध देत?" मी पटकन बोलून गेलो, "अंडी घालणारे दूध देत नसतात." घरी आल्यावर लक्षात आलं, हे खोटं आहे.

ऑस्ट्रेलियातला बदकासारख्या चोचीचा, पाण्यात पोहणारा प्लॅटिपस आणि तिथला व न्यू गिनीतला काटेरी एकिडना अंडीही घालतात आणि पिलांना दूधही पाजतात. एकाची एक, दुसऱ्याच्या चार, अशा पाचच जाती उरल्यात. विल्यम कॉल्डवेल यांनी 1884 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या मदतीनं अंडी शोधून काढली, तेव्हा कुठं हे प्राणी अंडी घालतात की नाही हा युरोपातल्या पंडितांचा वाद मिटला.

पण अंडं म्हणून कोंबडीचं डोळ्यासमोर आणू नकोस. हे जेमतेम दीड सेंटीमीटरचं, कवच चामड्यासारखं मऊ. कोंबडीच्या अंड्यात पिलाची सगळी शिदोरी बलकात भरलेली असते. एकवीस दिवसांनी पिल्लू फुटतं ते लगेच दाणे टिपायला लागतं. प्लॅटिपसच्या अंड्यात बलक थोडका. बिळात आई अंग मुडपून अंड्यांना ऊब देते, दहाएक दिवसांत पिलू निघतं, पावट्याच्या दाण्याएवढं, आंधळं, उघडंनागडं. अंड्यात कमी पडलेलं सगळं त्याला दुधातून मिळतं, तेही तीन-चार महिने. एकिडना तर अंडं पोटावरच्या पिशवीतच ठेवते.

मला सगळ्यात भावलं ते पुढचं. आपण 'सस्तन' म्हणतो, पण या आयांना सडच नाहीत! पोटाच्या कातडीतून दूध पाझरतं, केसांवर येतं, आणि पिलू तिथूनच ते पितं. सड नाहीत, पण पान्हा आहे.

बाकी प्लॅटिपसची ती चोच फक्त दिसायला बदकाची. हात लावला तर मऊ कातडं. पाण्यात डोळे, कान, नाक मिटून भक्ष्याच्या अंगातली बारीकशी वीज ती टिपते. बदकाला हे कुठलं जमणार?

आता तुझ्या कबुतरांचं. तीही पिलांना दुधासारखं काही भरवतात, नरसुद्धा. पण ते गळ्यातल्या पिशवीच्या अस्तरातून सुटतं. कातडीतल्या ग्रंथींतून येणारं दूध ते नव्हे, म्हणून कबूतर पक्षीच राहतं. पोरीला हे तोंडी सांगून पटायचं नाही. सध्या एखादी जोडी अंड्यांवर बसली असेल तर फुटायच्या आधी कळव. तिला घेऊन येतो.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळ्या