२००४ आणि २००९च्या मध्ये एक रेघ हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विधानसभा निवडणूक जवळ आली की वर्तमानपत्रांत मतदारसंघांची ओळख करून देणारी सदरं सुरू होतात. त्यात १९६२पासूनचे, कधी कधी १९५२पासूनचे आमदार, त्यांचे पक्ष आणि मताधिक्य यांची सलग यादी असते. खाली निष्कर्ष ठरलेला: अमुक पक्षाचा बालेकिल्ला. यादीतली नावं बहुतेक बरोबर असतात. चूक आहे ती यादी सलग असण्यात.

राज्याच्या विधानसभेत १९६२ साली २६४ जागा होत्या, १९६७ आणि १९७२ला २७०, आणि १९७८पासून २८८. जागांबरोबर सीमाही बदलत गेल्या. १९७८ ते २००४ या सात निवडणुका एका नकाशावर झाल्या, २००९पासूनच्या चार वेगळ्या नकाशावर. २००८च्या मतदारसंघ पुनर्रचनेत एकूण जागा २८८च राहिल्या, म्हणून फारसं काही हललं नसावं असं वाटतं. प्रत्यक्षात २००१च्या जनगणनेनुसार जिल्ह्यांचा वाटा नव्याने ठरला. ठाणे जिल्ह्याच्या १३ जागांच्या २४ झाल्या, मुंबईच्या ३४च्या ३६, सिंधुदुर्गाच्या ४च्या ३. अनुसूचित जातींसाठी राखीव जागा १८वरून २९वर गेल्या, जमातींसाठीच्या २२वरून २५वर. उदगीर तेव्हाच राखीव झाला. तिथे २००४ आणि २००९चे उमेदवार शेजारी ठेवून ‘कोणी कोणाला बाजूला सारलं’ हे शोधण्यात अर्थ नाही.

सर्वांत फसवे असतात ते नाव कायम राहिलेले मतदारसंघ. नागपूर पश्चिममधून १९९९ आणि २००४मध्ये देवेंद्र फडणवीस निवडून आले, २०१९ आणि २०२४मध्ये काँग्रेसचे विकास ठाकरे. यादी वाचणारा म्हणेल, फडणवीसांची जुनी जागा काँग्रेसने घेतली. पण २००९ला नागपूर दक्षिण-पश्चिम हा नवा मतदारसंघ तयार झाला आणि फडणवीस तेव्हापासून तिथून लढत आले आहेत. आजचा ‘पश्चिम’ म्हणजे जुना ‘पश्चिम’ नव्हे.

लातूरचा गुंता याहून मोठा. जुन्या लातूर मतदारसंघातून विलासराव देशमुख १९८०, १९८५ आणि १९९०ला जिंकले, १९९५ला जनता दलाचे शिवाजीराव कव्हेकर यांच्याकडून हरले, आणि १९९९, २००४ला पुन्हा जिंकले. २००९पासून लातूर शहर आणि लातूर ग्रामीण असे दोन मतदारसंघ आहेत. हा इतिहास दोघांपैकी कोणाचा? बहुतेक सदरांत तो दोन्हीकडे जसाच्या तसा छापला जातो. शिवाय लातूर ग्रामीणमध्ये रेणापूर तालुका आहे, औशाचाही काही भाग आहे. रेणापूर या नावाचा जुना मतदारसंघ गोपीनाथ मुंडे यांचा. मुंडे यांचा वारसा मात्र परळीच्या चौकटीत दाखवला जातो, आणि ते चूक नाही, कारण परळीचा भाग त्याच जुन्या मतदारसंघात होता. म्हणजे रेणापूर गाव एका मतदारसंघात आणि रेणापूरचा राजकीय इतिहास दुसऱ्यात! लातूर ग्रामीणची स्वतःची नोंद २००९पासून सुरू करावी आणि जुन्या लातूर, रेणापूर व औशाचे निकाल तीन वेगळ्या ओळींत द्यावेत, हाच प्रामाणिक मार्ग.

नारायण राणे यांच्या बाबतीतही हीच गल्लत होते. त्यांचा मालवण मतदारसंघ २००८ला संपला. २००९चा विजय आणि २०१४चा पराभव कुडाळमधला. मतदारसंघाच्या क्रमांकावरून माग काढणंही धोक्याचं. जुन्या यादीत सावंतवाडी पहिली होती, आज तिचा क्रमांक २७० आहे आणि पहिला अक्कलकुवा.

पोटनिवडणुका तर सर्रास गळतात. कसबा पेठेत २०१९ला भाजप आणि २०२४ला भाजप एवढंच छापलं, की २०२३च्या पोटनिवडणुकीत काँग्रेसचे रवींद्र धंगेकर जिंकले होते हे नाहीसं होतं. परळमधून १९७०च्या पोटनिवडणुकीत वामनराव महाडिक निवडून आले. शिवसेनेचे ते पहिले आमदार, पण १९६७ आणि १९७२च्या तक्त्यांत ते सापडणार नाहीत. मालवणची २००५ची पोटनिवडणूकही अशीच. निवडणूक आयोगाच्या सार्वत्रिक निवडणुकीच्या अहवालात पोटनिवडणूक नसते. ती वेगळी शोधावी लागते, म्हणून ही चूक होते.

पक्षाच्या रकान्याचंही तसंच. बारामतीत शरद पवार १९६७ ते १९९० सलग सहा वेळा निवडून आले. पण १९८०ला ते काँग्रेस (अर्स)चे उमेदवार होते आणि १९८५ला काँग्रेस (समाजवादी)चे. सगळीकडे नुसतं ‘काँग्रेस’ लिहिणं ही ढिलाई आहे. १९८५ला माझगावमधून जिंकलेले छगन भुजबळ अधिकृत आकडेवारीत अपक्षांत मोजले गेले, कारण तेव्हा शिवसेनेला पक्ष म्हणून मान्यता नव्हती. २०१९ची ‘शिवसेना’ आणि २०२४ची ‘शिवसेना’ एकाच रंगात दाखवणं तर निव्वळ दिशाभूल. फेब्रुवारी २०२३मध्ये आयोगाने नाव व धनुष्यबाण शिंदे गटाला दिला, आणि वर्षभराने राष्ट्रवादीचं नाव व घड्याळ अजित पवार गटाला.

१९५२पर्यंत मागे जायचंच असेल तर आणखी एक अडचण आहे. तेव्हा मराठवाडा हैदराबाद राज्यात होता आणि विदर्भ मध्य प्रदेशात, त्यामुळे मुंबई राज्याच्या निकालांत ही गावं सापडत नाहीत. १९५२ आणि १९५७मध्ये काही मतदारसंघ द्विसदस्यीय होते, म्हणजे विजेते दोन. पुष्कळ तक्त्यांत त्यातला एकच उरतो, आणि गळतो तो बहुधा राखीव जागेवरचा.

टक्केवारीबद्दल थोडक्यात. १९८५ ते १९९० या काळात मतदारसंख्या फुगलेली दिसते, त्याचं एक कारण मतदानाचं वय १९८९मध्ये २१वरून १८ झालं हे आहे. २०१४पासून ‘नोटा’ (वरीलपैकी कोणीही नाही) हा पर्याय आहे. उमेदवाराची टक्केवारी नोटा धरून काढली की वगळून, हे लिहायला हवं. लातूर ग्रामीणमध्ये २०१९ला नोटाच दुसऱ्या क्रमांकावर होता, तिथे हा फरक डोळ्यांत भरतो. डिपॉझिट वाचायला वैध मतांच्या एक-षष्ठांशाहून जास्त मतं लागतात आणि त्या हिशेबात नोटा धरत नाहीत. २०१४ला युती आणि आघाडी दोन्ही तुटल्या होत्या, म्हणून त्या वर्षीच्या विजेत्यांची टक्केवारी २००९ किंवा २०१९शी थेट ताडून पाहू नये.

जुन्या आणि नव्या नकाशाची तुलना करायचीच असेल तर ती गावनिहाय करावी लागते. २००८च्या आदेशात प्रत्येक मतदारसंघाची व्याप्ती तालुका, महसूल मंडळ आणि काही ठिकाणी सजापर्यंत (तलाठ्याच्या हद्दीपर्यंत) दिली आहे, शहरांत प्रभागवार. त्यावरून गावांची यादी करायची आणि जुने मतदान केंद्रनिहाय आकडे मिळतील तिथे, म्हणजे फॉर्म २० या केंद्रनिहाय निकालपत्रातून, गावाखाली मांडायचे. केंद्र क्रमांकावर विसंबू नये. मतदार वाढले की केंद्र फुटतं आणि पुढचे सगळे क्रमांक सरकतात. गावाचं आणि शाळेचं नाव जुळवावं. टपाली मतं केंद्रनिहाय नसतात, ती शेवटी एकत्र दाखवतात, त्यामुळे बेरीज अधिकृत निकालापेक्षा थोडी कमी येणारच. ती जुळवण्यासाठी आकडे ताणू नयेत.

एवढं काम प्रत्येक मतदारसंघासाठी वार्ताहराला जमणार नाही, हे मान्य. निदान तक्त्याखाली दोन ओळी हव्यात: २००८पूर्वी हा भाग कोणत्या मतदारसंघांत होता आणि मध्ये पोटनिवडणूक झाली का. जागा अपुरी पडली तर १९५२ ते १९७२चा भाग खुशाल गाळा, पण २००४ आणि २००९च्या मध्ये एक जाड रेघ छापाच.

आपला,
एक वाचक