सूचना : शनिवारची जुन्या वस्तूंची फेरी

सर्व सभासदांना नमस्कार. येत्या शनिवारी सकाळी 11 वाजता नागपूरच्या महाल भागातील गांधी गेटजवळ जमायचं आहे. तिथून पायीच इतवारीच्या बाजाराकडे निघू. खर्चाची मर्यादा माणशी 500 रुपये. कार्ड-बिर्ड घरीच राहू द्या, म्हणजे हात आपोआप आवरतो.

पितळ घेताना जवळ लोहचुंबक ठेवा. चिकटलं तर आत लोखंड आणि वरून नुसता मुलामा. डब्याचा तळ आणि कडीचा जोड नीट बघा. शोभेसाठी घेत असाल तर कल्हई नसली तरी चालेल; त्यात आंबट शिजवायचं असेल तर मात्र कल्हई हवीच. घासायला चिंच पुरे.

जुनं लुगडं उजेडात धरून घडीवर पाहा. रेशीम आणि जरीची तार आधी तिथंच तुटते. अंग विरलं पण काठ शाबूत असेल तर बिनधास्त घ्या. काठ उसवून साध्या सुती ब्लाउजला किंवा पडद्याला लावता येतो. नव्या 'व्हिंटेज' छापाच्या उशांपेक्षा हे शंभरपट बरं, असं माझं मत.

आजीची पेटी उघडायची असेल तर आधी घरी विचारा. येणाऱ्यांनी शुक्रवारी रात्रीपर्यंत नाव कळवावं. पाण्याची बाटली आणि दुपट्टा सोबत असावा.

– संयोजक