मरालिंगाचा हिशोब कोण देणार?

मा. संपादक,

ब्रिटन-ऑस्ट्रेलिया पाणबुडी करारावर आपल्या पेपरात लेख आला होता, त्यात जुनी दोस्ती, राजघराणं, क्रिकेट सगळं होतं, फक्त ब्रिटनने जिथे अणुचाचण्या केल्या त्या मरालिंगाचं नाव नव्हतं, म्हणून लिहायला बसलो.

मुलगा ॲडलेडला असतो, मागच्या वर्षी आम्ही दोघं तीन महिने तिकडे होतो. ज्या ऑस्बर्नच्या गोदीत या अणुपाणबुड्या बांधायच्यात ती याच शहरात, आणि याच राज्याच्या पश्चिमेच्या वाळवंटात मरालिंगा. १९५२ ते १९५७ मध्ये ब्रिटनने ऑस्ट्रेलियात १२ अणुस्फोट केले, त्यातले ७ इथे. ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान मेंझीस यांनी ब्रिटनचे पंतप्रधान ॲटलींना होकार कळवून टाकला, मंत्रिमंडळाला नंतर कळलं! आणि ज्या अनंगू मूळनिवासी लोकांची ती जमीन त्यांना तर कोण विचारतंय. धोक्याच्या पाट्या लावल्या त्या इंग्रजीत. एवढ्या अफाट वाळवंटात लोकांना शोधून हलवायला सुरुवातीला अधिकारी एकच. १९५७ मध्ये एक कुटुंब स्फोटाच्या खड्ड्यापाशी मुक्काम करून बसलेलं सापडलं आणि सैनिकांना सांगितलं, गप्प बसा. त्याआधी १९५३ ला एमू फील्ड या त्याच राज्यातल्या दुसऱ्या चाचणीस्थळावरच्या स्फोटानंतर वस्त्यांवर काळं धुकं आलं, तिथले मूळनिवासी यामी लेस्टर तेव्हा लहान होते, पुढे त्यांची दृष्टी गेली, ती त्या धुक्यानेच गेली असं ते शेवटपर्यंत सांगत राहिले.

बरं, मोठे स्फोट थांबले तरी १९६३ पर्यंत 'छोट्या चाचण्या' चालूच, आणि खरी घाण त्यांनीच केली. सुमारे २२ किलो प्लुटोनियम मातीत उधळलं. १९६७ ला ब्रिटिशांनी साफसफाई केली म्हणजे काय तर बरीचशी माती नांगरून खालीवर केली, आणि १९६८ ला ऑस्ट्रेलियाने सही करून त्यांना जबाबदारीतून मोकळं केलं. घर नीट न बघताच भाडेकरूला डिपॉझिट परत दिल्यासारखं झालं हे. १९७९ ला ब्रिटनने अर्धा किलोच्या आसपास प्लुटोनियम विमानाने परत नेलं, बाकीचं तिथेच. १९८४ ला ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी मोजणी केली तेव्हा ब्रिटिशांच्या रिपोर्टपेक्षा कितीतरी जास्त निघालं, मग रॉयल कमिशन म्हणजे सरकारी चौकशी आयोग बसला, ब्रिटनने का कू करत १९९३ ला २ कोटी पौंड कबूल केले. २००० पर्यंत चाललेल्या सफाईचा खर्च १० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर गेला, म्हणजे निम्म्याहून जास्त ऑस्ट्रेलियाच्याच करदात्यांनी भरला. राहिलेली जमीन मूळ मालकांकडे गेली २००९ मध्ये.

२०२४ ला केंब्रिजच्या कॉलेजने कॅप्टन कुकने १७७० साली ऑस्ट्रेलियातून नेलेले मूळनिवासींचे चार भाले परत दिले, तेही कायमचे, याचं कौतुकच आहे (आपल्याकडे वाघनखं आली ती तीन वर्षांच्या बोलीवर, हे जाता जाता). भाले पेटीत घालून देता येतात हो, मरालिंगाची माती तशी देता येत नाही.

आता या नव्या पाणबुड्यांच्या अणुभट्ट्यांचा कचरा ऑस्ट्रेलियालाच सांभाळायचाय, संरक्षण खात्याच्या ताब्यातल्या जमिनीवर. ती जमीन कुणाची होती आणि यावेळी त्यांना आधी विचारणार का, यावर आपल्या लेखकाने पुढच्या लेखात लिहावं एवढीच विनंती.

— एक वाचक, डोंबिवली