पुढच्या ऑगस्टमध्ये तुम्ही दोघं इथे हवेत

ती. आई-बाबा,

साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "आता आमच्यानं चालवत नाही गं. तुम्ही फिरून या, आम्हाला फोटो पाठवा." तेव्हा मागे मुलांचा दंगा चालला होता, नीट बोलता आलं नाही. पण ते वाक्य मनातून जाईना, म्हणून आज मुलं झोपल्यावर लिहायला बसले आहे. फोटोंवर तुमची बोळवण करायची माझी तयारी नाही. पुढच्या ऑगस्टमध्ये तुम्ही दोघांनी यायचं आणि आमच्याबरोबर हायडेत चालायचं. जमेल तेवढंच, पण चालायचं.

ल्यूनेबुर्गर हायडे म्हणजे इथे जर्मनीत, हँबुर्गच्या दक्षिणेला पसरलेलं हीदरच्या झुडपांचं माळरान. त्यातला सुमारे २३४ चौरस किलोमीटरचा भाग गेली शंभर वर्षं राखीव आहे. त्यात जंगलही बरंच आहे, पण लोक येतात ते माळासाठी. रविवारी आम्ही चौघं गेलो होतो. डोंगर म्हणावा असं इथे काहीच नाही. सगळ्यात उंच टेकडी विल्झेडर बेर्ग, समुद्रसपाटीपासून १६९ मीटर, आणि तिची वाट इतकी सावकाश चढते की आपण टेकडी चढलो हे धाकटीला माथ्यावर पोचल्यावर कळलं.

बाबा, या वेळी मी सबंध वाट तुमच्या गुडघ्यांचा विचार करत चालले. राखीव भागात खासगी मोटारींना बंदी आहे. उंडेलो नावाच्या गावी गाडी लावायची. तिथून दोन घोड्यांची मोठी गाडी आपल्याला माळाच्या मधोमध असलेल्या विल्झेडेपर्यंत नेते. समोरासमोर बाकं, वर छत, साधारण तासाभराचा रस्ता. काही ठिकाणी रस्ता दगडी आहे, तिथे हादरे बसतात, म्हणून पाठीशी घ्यायला उशी मी आणेन. विल्झेडे म्हणजे मोजकी जुनी घरं आणि त्यांच्याभोवती उभे असलेले मोठाले ओक. तिथे थोडं टेकायचं. मग पुढे टोटेनग्रुंटच्या काठापर्यंतच पायी जायचं, ते अंतर किलोमीटरभर असेल. वाट वाळूची आहे. कोरडी असली की पाऊल जरासं रुततं, म्हणून काठी हवी. वाटेत बाकं आहेत. टेकडीचं त्या दिवशी पाय काय म्हणतात ते बघून ठरवू.

टोटेनग्रुंट ही एक खोलगट दरी आहे. आपण काठावर उभे राहतो आणि समोरचा सगळा उतार जांभळा असतो. मधेमधे जुनिपरची गडद हिरवी झुडपं सरळ उभी. मुलं तिथे पोचल्यावर एकदम गप्प झाली. आमची मुलं गप्प होतात म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको.

आई, ही जागा पुस्तकात वाचण्यापेक्षा वाकून बघण्यासारखी आहे. मी एक फांदी बोटांत धरून बघितली, तोडली नाही. पानं म्हणजे अक्षरशः खवले, दाटीवाटीनं चार ओळींत बसलेले. फूल तांदळाच्या दाण्याएवढं. आणि जे जांभळं दिसतं, त्या पाकळ्या नव्हेतच, ती निदलं आहेत, पाकळ्यांबाहेरची पानं. खऱ्या पाकळ्या आत, त्यांच्याहून आखूड. तू वर्गात फळ्यावर निदलपुंज आणि दलपुंज काढायचीस ना, ते डोळ्यांसमोर आलं. थोरल्याला समजावून सांगायला गेले, पण तुझ्यासारखं जमलं नाही. ते काम तुझ्यासाठी राखून ठेवलं आहे.

मागे तू विचारलं होतंस, एवढ्या वाळूत हे जगतं कसं? खरं सांगायचं तर वाळूच त्याला मानवते. पाऊस मातीतली अन्नद्रव्यं धुवून खाली नेतो. वरचा थर राखेच्या रंगाचा होतो आणि खाली तपकिरी, दगडासारखा टणक थर साचतो. वाटेच्या कडेला कुठे माती ढासळली असेल तर हे दोन्ही थर स्वच्छ दिसतात. अशा आंबट, निकस जमिनीत गवताचं आणि झाडांचं लवकर भागत नाही. हीदरच्या मुळांमध्ये मात्र एक बुरशी वस्ती करून असते, ती कुजलेल्या पाल्यातून त्याला नत्र मिळवून देते. म्हणजे जमीन सुपीक झाली की हीदर हरतं.

आणि मला सगळ्यात जास्त हलवलं ते यानंच. हा माळ निसर्गानं आपोआप राखलेला नाही. इथे पूर्वी जंगल होतं. माणसांनी ते तोडलं, मेंढरं चारली. हीदरचा वरचा थर मुळांसकट खणून गोठ्यात अंथरायचा, शेणामुतानं भिजला की खत म्हणून शेतात घालायचा, अशी इथल्या शेतकऱ्यांची शतकानुशतकांची रीत. खणण्याचं काम कंबर मोडणारं. त्यातून शेतं पिकत राहिली आणि माळ आणखी निकस होत गेला, म्हणून हीदर टिकलं. पुढे रासायनिक खतं आली, मेंढ्या परवडेनाशा झाल्या, लोकांनी माळावर पाइन लावले. बघता बघता माळ आक्रसला.

टोटेनग्रुंटवर तर हौसेची घरं बांधायची टूम निघाली होती. एगेस्टोर्फ गावचे पाद्री विल्हेल्म बोडे यांनी एका प्राध्यापकाकडून पैसे उभे केले आणि १९०६ साली ती जमीन विकत घेतली. त्यानंतर थोड्याच वर्षांत विल्झेडर बेर्गही असाच वाचवला. आज तिथे उभं राहून चहूकडे नुसता माळ दिसतो, तो एका गावच्या माणसानं वेळेवर धडपड केली म्हणून. कुणी मोठा अधिकारी नव्हता तो. मला याचं फार अप्रूप वाटतं.

श्नेफरडिंगन गावाच्या बाजूला तर आणखीच थक्क करणारी गोष्ट आहे. तिथल्या माळावर १९९४ पर्यंत ब्रिटिश आणि कॅनडाच्या फौजांचे रणगाडे सराव करायचे. जमीन तुडवून उघडी वाळू झाली होती. आज तिथेही हीदर फुलतं. थोरला यावर विश्वासच ठेवायला तयार नव्हता. तो वाकून वाकून रणगाड्याच्या खुणा शोधत होता.

मेंढ्या आजही हव्यातच. हाइडश्नुके नावाची इथली जात आहे. अंगावर लांब राखाडी लोकर, तोंड नि पाय काळे, नरमादी दोघांनाही मागे वळलेली शिंगं. कोकरं जन्मतात ती काळीभोर. आम्हाला विल्झेडेच्या अलीकडे कळप भेटला. मेंढपाळ काठीवर रेलून उभा, दोन कुत्री कडेनं फिरताहेत, आणि शेकडो तोंडांचा एकच कुरतडण्याचा आवाज. त्या हीदरचे शेंडे खातात, त्यामुळे झुडूप खालून पुन्हा फुटतं. बर्च आणि पाइनची कोवळी रोपंही खातात, नाहीतर काही दशकांत इथे परत जंगल उभं राहील. आणखी एक गंमत इथले लोक सांगतात. सकाळी कळप माळावरून गेला की झुडपांमधली कोळ्यांची जाळी तुटतात आणि मधमाश्यांना फुलांपर्यंत जायची वाट मोकळी होते. फुलोऱ्याच्या दिवसांत मधपाळ आपल्या पेट्या इथे आणून ठेवतात. हा मध जेलीसारखा घट्ट असतो, ढवळला की सैल होतो, ठेवला की परत घट्ट. आई, तुला तो चमच्यानं हलवून बघायला आवडेल.

नुसत्या मेंढ्यांनी आता भागत नाही. मोटारींच्या धुरातून आणि मोठमोठ्या गोठ्यांमधून हवेत जाणारं नत्र पावसाबरोबर माळावर उतरतं आणि गवताचं फावतं. म्हणून कुठे यंत्रानं वरचा थर खरवडतात, कुठे हिवाळ्यात बेतानं जाळतात. पहिल्यांदा तो काळा पट्टा बघून मला वाईट वाटलं होतं. आता तिथे कोवळे कोंब शोधायची मुलांना सवय लागली आहे.

बाबा, तुमच्यासाठी खास बातमी. तुम्ही जन्मभर ज्या त्रिकोणांवर जमिनी मोजल्यात, तसल्या त्रिकोणांचा एक कोपरा या टेकडीवर आहे. थोर गणितज्ञ कार्ल फ्रीडरिश गाउस यांनी १८२० च्या दशकात हॅनोवर राज्याची मोजणी केली, तेव्हा विल्झेडर बेर्ग हे त्यांचं एक ठाणं होतं. दूरच्या ठाण्याचा नेम धरता यावा म्हणून आरशानं ऊन परावर्तित करणारं हेलिओट्रोप नावाचं उपकरण त्यांनी स्वतः तयार केलं होतं. माथ्यावर त्यांच्या नावाचा दगड आहे. आम्ही त्याच्यापाशी थांबलो तेव्हा थोरल्यानं विचारलं, "आजोबांकडे पण आरसा होता का?" मी म्हटलं, आजोबांनाच विचार. तर तुम्ही त्या दगडाशेजारी बसून त्याला थिओडोलाइट, म्हणजे तुमची ती कोन मोजायची दुर्बीण, कसा लावायचा ते सांगायचं आहे. माथ्यावर जायला जमलं नाही तर खाली ओकाखाली सांगा.

आई, आता तुझा प्रश्न येणार, साप आहेत का? आहेत. एक विषारी जातही आहे. पण पावलांची चाहूल लागली की ते सरकून जातात, आणि वाट सोडून माळात शिरायला परवानगीच नाही, कारण काळा ग्राउस नावाचा दुर्मीळ पक्षी जमिनीवर घरटं करतो. मला काळजी सापांची नाही, गोचिडांची आहे. त्यांच्यामुळे लाइम नावाचा आजार होऊ शकतो. म्हणून पायघोळ पँट, मोजे वर ओढलेले, आणि घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांत नीट बघायचं. मुलांचं हे रोज रात्री होतं, तुमचंही मी करीन.

तुम्हाला वाटतं की तुमच्यामुळे आमचा खोळंबा होईल. आई तसं बोलत नाही, पण तिच्या "बघू" मध्ये मला ते ऐकू येतं. मुलांबरोबर आम्ही तरी कुठे भरभर चालतो? धाकटी दर दहा पावलांवर खडा उचलते. तिच्या चालीला तुमचीच चाल जुळेल. आणि खरं कारण लिहूनच टाकते. गेल्या खेपेला मी आले होते तेव्हा बाबा जिन्यात मधेच थांबले आणि खिडकीतून बाहेर बघतोय असं दाखवलं. मला कळलं होतं. तेव्हापासून मला "पुढे कधीतरी" हा शब्द सहन होत नाही. मुलांच्या आठवणीत तुम्ही फोनच्या पडद्यावर नव्हे, वाळूच्या वाटेवर चालताना हवे आहात.

आता कामाचं. हीदर साधारण ८ ऑगस्ट ते ९ सप्टेंबर या काळात फुलतं. पाऊस कमी झाला तर फुलोरा पातळ येतो, पण ऑगस्टच्या मधल्या पंधरवड्यात सहसा निराशा होत नाही. तेव्हा अंधारही उशिरा पडतो, साडेआठच्या पुढे ऊन रेंगाळतं, त्यामुळे कसलीच घाई नाही. शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, म्हणजे फेब्रुवारीत कागद तयार हवेत. किमान ३०,००० युरोंचा प्रवासी आरोग्य विमा लागतो, तो मी बघते. निमंत्रणाचं पत्र आणि बाकीची कागदपत्रं जावई तयार करताहेत. त्यांना तर तुमच्याबरोबर श्नेफरडिंगनजवळच्या पीट्समोरलाही जायचं आहे. दलदलीवरून लाकडी फळ्यांची सपाट वाट आहे तिथे.

बाबा, तुम्ही एवढंच करा. फिजिओथेरपीला जाल तेव्हा विचारा, वाळूच्या वाटेवर, काठी घेऊन, थांबत थांबत दोन किलोमीटर चालायचं असेल तर आत्तापासून कोणते व्यायाम करू. आई, तू त्यांच्याबरोबर जा, कारण ते काय सांगितलं ते अर्धंच सांगतात. जे सांगतील ते मला कळवा, म्हणजे मी विमानाची तिकिटं बघायला घेते.

तुमची,
लेक