लघवीची पिशवी काढायची तारीख घेण्याआधी

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तुमच्या आरोग्याच्या पानावर मूत्राशयाच्या कॅन्सरवर लेख आला होता. सिगारेट, लघवीतून रक्त, ऑपरेशन, सगळं बरोबरच होतं पण एक प्रकार त्यात नव्हता म्हणून लिहितेय. लिम्फोमा, म्हणजे पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. हो, तोच गळ्यातल्या-काखेतल्या गाठींचा, तो लघवीच्या पिशवीतही होतो हे आम्हाला आईमुळे कळलं.

आईला जवळजवळ आठ महिने युरीन इन्फेक्शन म्हणूनच औषधं चालू होती. जळजळ, रात्री चार-पाचदा उठणं, मधूनच लालसर लघवी, गोळ्यांचा कोर्स झाला की चार दिवस बरं आणि परत तेच. लघवीच्या कल्चरमध्ये दोनदा कुठलाच जंतू वाढला नाही तरी पुढचं अँटिबायोटिक लिहून दिलं, आणि आम्हीही आणून दिलं, बायकांना होतंच असं म्हणून. शेवटी सोनोग्राफीत गाठ दिसली तेव्हा घरात एकच विषय, आता पिशवी काढावी लागणार.

दुर्बिणीतून बघणाऱ्या डॉक्टरांना मात्र शंका आली. नेहमीचा कॅन्सर आतल्या अस्तरातून उगवतो, बरेचदा झिरमिळ्यांसारखा दिसतो, ही गाठ वरून गुळगुळीत होती. लिम्फोमा अस्तराच्या खाली वाढतो ना, म्हणून लघवीच्या तपासणीत कॅन्सरच्या पेशी बरेचदा सापडत नाहीत आणि बायोप्सीचा तुकडा वरवरचा घेतला तर हाती नुसती सूज लागते. आमचा पहिला रिपोर्ट तसाच आला, लहान गोल पेशी, चिरडलेल्या, नक्की सांगता येत नाही. परत खोलवरचा तुकडा घेतला आणि आयएचसी केली, म्हणजे पेशी कुठल्या जातीच्या ते खास स्टेन लावून ओळखायची तपासणी. पॅथॉलॉजिस्ट बाईंनी स्क्रीनवर दाखवलं, केराटिनच्या (ही अस्तराच्या पेशींची खूण) स्टेनमध्ये फक्त अस्तराची बारीक तपकिरी रेघ, बाकी सगळं कोरं, आणि सीडी२० च्या (ही बी-सेल या पांढऱ्या पेशींची खूण) स्टेनमध्ये अख्खी स्लाइड तपकिरी. म्हणजे बी-सेल लिम्फोमा. मूत्राशयातल्या कॅन्सरमध्ये हा १ टक्क्याहूनही कमी, त्यामुळे कुणाला आधी सुचला नाही म्हणून मी भांडणार नाही, पण आठ महिने कुणी आत बघितलंच नाही याचा राग अजून आहे.

उपचार इथेच पूर्ण वेगळे होतात. पेट स्कॅन, बोन मॅरोची तपासणी करून आधी बघतात की मूळ पिशवीतलंच आहे की दुसरीकडून आलंय. हळू वाढणारा माल्ट प्रकार तेवढ्याच जागी असेल तर साधारण २४ ते ३० ग्रे (हे रेडिएशनचं माप) रेडिएशनवर भागू शकतं. आईचा वेगाने वाढणारा होता, डिफ्यूज लार्ज बी-सेल, त्यामुळे आर-चॉप नावाची कीमो, दर २१ दिवसांनी, ६ वेळा. सुरू करायच्या आधी हिपॅटायटिस बी तपासला, कारण त्यातल्या रिटुक्सिमॅब या औषधाने तो दबलेला व्हायरस परत उठू शकतो. आणि गंमत बघा, याच कीमोतलं सायक्लोफॉस्फामाइड पिशवीलाच त्रास देतं म्हणून आईमागे सारखी पाण्याची बाटली घेऊन फिरायचे मी! पहिल्या डोसनंतर लघवी लालभडक झाली, आई रडायलाच लागली, परत रक्त सुरू झालं म्हणून. तो कीमोतल्याच डॉक्सोरुबिसिन या औषधाचा रंग होता, एक-दोन दिवसात गेला. एवढं आधी कुणी सांगितलं असतं तर ती रात्र तरी वाचली असती.

पिशवी काढावी लागली नाही. आता दर काही महिन्यांनी तपासणी असते.

लेख लिहिणाऱ्या डॉक्टरांना विनंती, पुढच्या वेळी दोन ओळी यावरही लिहा. आणि वाचकांनो, रिपोर्टमध्ये 'नक्की सांगता येत नाही' असं असेल तर आयएचसी येईपर्यंत ऑपरेशनची घाई करू नका, तुकड्याचा जो मेणातला ब्लॉक लॅबमध्ये ठेवलेला असतो तो मागून घेऊन दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवता येतो, मागायला लाजू नका.

आपली,
एक वाचक