पॉलिसीवरचं बँकेचं नाव काढून देणाऱ्या पोरीस

प्रिय पोरी,

तू बजावलंस, "सिस्टर, माझं नाव कुठं टाकू नका." नाही टाकत. आर्वीला सेतूच्या ज्या खिडकीवर बाजाराच्या दिवशी सगळ्यांत लांब रांग असते आणि तरी कोणी भांडत नाही, तिथली पोरगी, एवढं पुरे. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

मी 31 मे 2024 ला आरोग्य सेविका म्हणून रिटायर झाले. नोकरीची सगळी वर्षं उपकेंद्राच्या क्वार्टरमध्ये गेली आणि घर बांधायला 2021 उजाडलं. त्यासाठी काढलेल्या कर्जासोबत बँकेनं घराच्या विम्याची 10 वर्षांची पॉलिसी हातात दिली. सही कुठं करायची तिथं पेन्सिलीनं फुल्या मारल्या होत्या, मी फुलीवर सह्या केल्या. पोलिओचा डोस देताना बाटलीवरची तारीख दोनदा वाचणारी मी, स्वतःच्या घराचा कागद एकदाही वाचला नाही.

रिटायर झाल्यावर पेन्शन विक्रीचे आणि ग्रॅच्युइटीचे पैसे आले, त्यातून कर्ज फेडलं. 'नो ड्यूज'चं पत्र ट्रंकेत ठेवलं आणि मोकळी झाले, असं मला वाटलं. गेल्या मे महिन्यात वावधान सुटलं, शेजारच्यांची टिनं उडून थेट माझ्या अंगणात पडली, तेव्हा पॉलिसी आठवली. ती घेऊन तुझ्याकडे आले ते फक्त मोबाईल नंबर बदलायला. उपकेंद्राचं सिम नव्या सिस्टरकडे गेलं होतं, एवढंच माझ्या डोक्यात.

तू कंपनीच्या साईटवर गेलीस तर ओटीपी त्याच जुन्या नंबरवर. मी म्हटलं, थांब, तिला फोन लावून विचारते. तू माझा हात धरलास. "नाही सिस्टर. ओटीपी फोनवर मागायचा नसते. आज तुमी मागसान, उद्या तुमच्या नावानं दुसराच कोणी मागन." मला जरा राग आला होता, आज सांगते. आमच्याच उपकेंद्रातली पोरगी ती, तिला विचारायला काय झालं? पण तू ऐकलं नाहीस. म्हणालीस, कागदावर अर्ज करू, वेळ लागेल पण रस्ता सरळ आहे.

आणि अर्ज लिहायचा म्हणून तू पॉलिसी पहिल्या पानापासून वाचायला घेतलीस. मागं पीक विम्याची रांग, पुढं मी, आणि तू बोट ठेवून ओळ न ओळ वाचतेस. मग थांबलीस. "सिस्टर, यात तं घराचा पत्ता क्वार्टरचा हाय."

मी म्हटलं, असेल ना, तेव्हा मी तिथंच राहत होते.

"चिठ्ठी कुठं यायची तो पत्ता वेगळा, अन् विमा कोणत्या घराचा तो पत्ता वेगळा. इथं दोन्ही जागी क्वार्टर लिहिलं हाय."

म्हणजे इतकी वर्षं माझ्या पैशानं जिल्हा परिषदेच्या गळक्या क्वार्टरचा विमा चालू होता! रांगेतले सगळे हसले, मीही हसले, पण घरी जाईपर्यंत पोटात गोळा होता. आधार कार्डावरचा पत्ता कोणीतरी दोन्ही रकान्यांत उतरवला असणार. नाव नाही घेत मी कोणाचं. तुझ्या सांगण्यावरून ग्रामपंचायतीतून नमुना 8, म्हणजे घराच्या नोंदीचा उतारा काढला, तो अर्जाला जोडला.

दुसरा प्रश्न तू त्याहून सोपा विचारलास. "घर जळालं तं पैसे कोणाले भेटतीन?" मला, आणखी कोणाला? तू पान उलटून दाखवलंस. कर्ज होतं तेव्हा नुकसानभरपाईवर पहिला हक्क बँकेचा, ती ओळ पॉलिसीत तशीच होती. कर्ज फिटलं म्हणून ती ओळ आपोआप पुसली जात नाही, हे मला कोण सांगणार होतं? बँकेनं सांगितलं नाही, कंपनीला माहीतच नव्हतं. ट्रंकेतलं 'नो ड्यूज' तेव्हा कामी आलं.

तिसऱ्या प्रश्नाला मी खोटं बोलले. "घरात कापूस भरून हाय का?" नाही म्हटलं. होता. भाच्याचा 20 क्विंटल, समोरच्या खोलीत छतापर्यंत, भाव वाढेल या आशेवर. आपल्याकडे कोणाच्या घरात नसतो? पण तू सहज म्हणालीस की हा विमा राहत्या घराचा आहे, घराचा वापर बदलला तर कळवायचं असतं, आणि कापूस म्हणजे घरातलं सामान नाही, तो माल. त्या रात्री त्या खोलीतल्या उघड्या वायरीकडे बघत बसले. आठवड्याभरात भाच्यानं कापूस हलवला. अजून माझ्याशी नीट बोलत नाही तो, बोलेल.

बाकीचं भराभर झालं. ईमेल जिल्हा परिषदेच्या ऑफिसातला होता, तो बदलला. पगाराचं खातं काढून पेन्शनचं टाकलं. व्यवसायाच्या रकान्यात 'सेवानिवृत्त' लिहिताना मी विचारलं, हप्ता वाढेल का गं? तू सांगितलंस की घराच्या विम्याला बांधकाम, क्षेत्रफळ, ठिकाण लागतं, माझी नोकरी नाही. 1 जानेवारी 2023 पासून केवायसी सक्तीची, माझी पॉलिसी त्याआधीची, म्हणून आधार-पॅनही जोडलं. शिवाय माझी 'भारत गृह रक्षा' पॉलिसी असल्यानं घराच्या 12 लाखांवर 20 टक्के, म्हणजे 2 लाख 40 हजार, घरसामानाला आपोआप आहेत हे कळलं. दागिने त्यात येत नाहीत, हेही तूच सांगितलंस. माझ्याकडे आहेत तरी किती!

पहिल्यांदा कंपनीनं फक्त मोबाईल नंबर बदलून कागद पाठवला, बाकी जैसे थे. मी तर तोच ट्रंकेत ठेवणार होते. तू दुसरा अर्ज लिहिलास, प्रत्येक बदलापुढं कोणता कागद जोडला ते लिहिलंस आणि पोचपावती माझ्या पिशवीत घातलीस. या सगळ्याचे तू घेतलेस 60 रुपये, झेरॉक्स आणि प्रिंटचे. मी शंभराची नोट दिली तर चाळीस परत मोजून दिलेस, वर म्हणालीस, "माह्या दंडावर टिक्का तुमीच मारला होता, त्याचे कुठं पैसे घेतले?" तो बीसीजीचा व्रण मी पाहिला नाही, पण तू फार रडली असशील एवढं नक्की.

परवा दुरुस्तीचा कागद आला. पत्ता माझ्या घराचा, घर नंबरासकट. बँकेचं नाव गेलं. या वेळी मी तो चष्मा लावून दोनदा वाचला.

बाजाराच्या दिवशी येते. सोबत सांबारवडीचा डबा असेल आणि दोन माणसं, एक रिटायर मास्तर आणि आमचे एसटीतले कंडक्टर भाऊजी. दोघांचंही कर्ज केव्हाच फिटलंय आणि दोघांच्याही पॉलिसीवर अजून बँकच बसली आहे. नमुना 8 आणायला मी त्यांना सांगितलंय.

तुझी,
सिस्टर