जुने रिसीव्हर आणि १२० व्होल्टची पाटी

संपादक महोदय,

अमेरिकेत १९७४ साली अ‍ॅम्प्लिफायरचे वॅट मोजण्याचा नियम सक्तीचा झाल्यावर जपानी कंपन्यांत जी चढाओढ लागली, तिच्यातूनच १९७८ चा पायोनियर एसएक्स-१९८० हा दर चॅनेलला २७० वॅट देणारा, सुमारे ३५ किलोंचा स्टीरिओ रिसीव्हर, म्हणजे रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच पेटीत असलेले यंत्र, आला. हौसेला मोल नसते हे मान्य; तरी असे रिसीव्हर जमवणाऱ्यांनी आधी मागची पाटी वाचावी. माझ्या अमेरिकी रिसीव्हरवर १२० व्होल्ट लिहिलेले असताना विक्रेत्याने तो थेट आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला जोडून दाखवला. फ्यूज उडाला आणि जळक्या वार्निशचा वास दोन दिवस खोलीत रेंगाळला. व्होल्टेज उतरवणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर तर हवाच, शिवाय आतले जुने कपॅसिटर (विद्युतभार साठवणारे भाग) तपासून घेतल्याशिवाय बटण दाबूच नये. विक्रेत्यांनी व्होल्टेज पावतीवर लिहून द्यावे, एवढीच विनंती आहे.

आपला,
एक संग्राहक, पुणे